आप्पांच्या सहीवर चाललेला कारखाना

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून आलेलं पत्र, थोडक्यात:

"आजोबांनी सत्तरच्या दशकात घराच्या खळ्यात काजू भाजायला सुरुवात केली. आज आमच्या कारखान्यात तीसेक बायका कामाला आहेत. कारखाना मोठे काका म्हणजे आप्पा यांच्या एकट्याच्या नावावर आहे. त्यांचं वय ७२. बाबा तरुणपणापासून त्यांच्याबरोबर राबतात, पण पगार असा कधी घेतला नाही. लागतील तसे पैसे घरात येतात. मी फूड टेक्नॉलॉजी शिकले. करोनात मुंबईची नोकरी सोडून घरी आले ती इथेच राहिले. बीची खरेदी सोडून बाकी जवळजवळ सगळं मी बघते. आप्पांचा मुलगा, आमचा दादा, पुण्याला आयटीत आहे. बागायतीची जमीन अजून आजोबांच्याच नावावर आहे. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, आजी आधीच गेली. एक आत्या दादरला असते. हमरस्त्याकडच्या तुकड्याला एक एजंट चांगला भाव देतोय आणि दादाचं म्हणणं, विकून टाकूया. मला आमचा स्वतःचा ब्रँड काढायचाय. आप्पा म्हणतात, 'आमी आसव तवसर असाच चलांदे, मगे तुमका काय करूचा ता करा.' एकदा असंही म्हणाले की तू काय, उद्या लग्न होऊन जाशील. गेली दोन वर्षं बीचा भाव वर आणि गराचा भाव खाली, त्यामुळे घरात रोज चिडचिड. मी थांबू की वेगळी होऊन स्वतःचं सुरू करू?"

ताई,

थांबायचं की निघायचं, हे आज ठरवू नका. तुमच्या पत्रात ब्रँडबद्दल तीन पानं आहेत आणि कारखाना आप्पांच्या एकट्याच्या नावावर असल्याबद्दल एक ओळ. माझी झोप उडवणारी ती ओळ आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

एकट्याच्या मालकीचा धंदा कायद्याने त्या माणसापासून वेगळा नसतो. आप्पा म्हणजेच कारखाना. आणि काजूवाल्याचं वर्ष कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बी येते ती मार्च ते मे एवढ्यातच. पावसाआधी ती सुकवून पोत्यात भरून गोदामात लागली तर वर्षभर बायकांच्या हाताला काम. साधारण चार किलो बी फोडावी तेव्हा किलोभर गर मिळतो. म्हणजे त्या तीन महिन्यांत केवढा पैसा गोदामात जाऊन बसतो! तो पैसा बँकेच्या सीसीतून, म्हणजे कॅश क्रेडिटच्या खेळत्या कर्जातून येतो आणि चेकवर सही एकट्या आप्पांची. ऐन एप्रिलमध्ये आप्पांना महिनाभर हॉस्पिटलात राहावं लागलं तर बी कोणाच्या सहीने घेणार? त्याहून वाईट काही झालं तर खात्यावरचे व्यवहार थांबतील आणि जीएसटीची नोंदणी धंदा पुढे चालवणाऱ्याला नव्याने घ्यावी लागेल. अन्नसुरक्षेचा परवाना वारसांसाठी नव्वद दिवस चालतो, फार तर अधिकारी मुदत वाढवून देतील. कर्ज मात्र जसंच्या तसं राहील आणि शेतकऱ्यांकडून उधारीवर घेतलेल्या बीचे पैसेही राहतील. "मगे तुमका काय करूचा ता करा" असं आप्पा मनापासून म्हणत असतील, पण तेव्हा करायला हातात फारसं काही उरलेलं नसेल. हे त्यांना कोणीतरी शांतपणे, कागद समोर ठेवून सांगायला हवं. घरातल्यापेक्षा तुमच्या सीएने सांगितलं तर ते ऐकतील.

पहिली मागणी म्हणून ब्रँड मागू नका, दुसरी सही मागा. आप्पांची सही काढून घ्यायची नाही, तिच्या जोडीला बँकेत बाबांना किंवा तुम्हाला सहीचा अधिकार द्यायचा, ठरावीक रकमेपर्यंत. त्यात आप्पांचं काही जात नाही, म्हणून त्याला ते हो म्हणण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. मात्र असा अधिकार मालक हयात असेपर्यंतच चालतो. त्याने आजारपणातली अडचण सुटेल, त्यापुढची नाही. पुढच्यासाठी धंद्याचं रूपच बदलावं लागेल. ते खाली लिहिते.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. बाबांचा पगार.

हार्वर्डमध्ये रेनाटो टागिउरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७८च्या सुमारास घरच्या धंद्यांसाठी एक साधी आकृती मांडली: एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं. एक कुटुंबाचं, एक मालकीचं, एक धंद्यात काम करणाऱ्यांचं. माणूस कुठल्या वर्तुळात उभा आहे त्यावर त्याचं बोलणं ठरतं. तुमच्या घरची माणसं त्यात बसवून बघा. आप्पा तिन्ही वर्तुळांत. बाबा घरचे आणि कामाचे, जमिनीत वाटेकरी, पण कारखान्यात कागदावर कोणीच नाहीत. दादा घरचा, उद्याचा वारस, कामात नाही. आत्या घरची, जमिनीत हक्काची, आणि तुमच्या पत्रावरून तरी तिला आजवर कोणी काही विचारलेलं दिसत नाही. तुम्ही घरच्या आणि कामाच्या, मालकी शून्य. दादा "विकूया" म्हणतो तेव्हा तो वारस म्हणून बोलतो. तुम्हाला ते घर मोडणाऱ्या भावाचं बोलणं वाटतं. तुम्ही "ब्रँड काढूया" म्हणता ते काम करणारी म्हणून. आप्पांना ते पुतणीने कारखाना मागितल्यासारखं ऐकू येतं. यात वाईट कोणीच नाही. तिन्ही हिशेब एकाच गल्ल्यात पडलेत, एवढंच.

ते वेगळे करायची सुरुवात पगारापासून होते. एक उदाहरण घेऊ, आकडे केवळ समजण्यापुरते. समजा वर्षअखेरीला चोपडीत बारा लाख नफा दिसतो. बाबा जे काम करतात त्यासाठी बाहेरचा जाणकार माणूस ठेवला तर वर्षाला चार लाख द्यावे लागतील. तुमच्या जागी तीन लाख. घरच्या बागेतली बी कारखान्यात फुकट येऊन पडते, ती बाजारभावाने धरली तर चार लाख. उरला एक लाख. म्हणजे कारखान्याने कमावले ते लाखभर, बाकीचे अकरा तुमच्या दोघांच्या घामाचे आणि आजोबांनी लावलेल्या झाडांचे. वाईट वर्षात हाच हिशेब उणे होतो आणि ते कोणाला कळतही नाही, कारण बाबांनी पगार मागितलेला नसतो. कोकणातले किती कारखाने असे घरच्या माणसांच्या फुकट कामावर वर्षानुवर्षं तगून राहतात आणि मग मुलं मुंबईला गेली की दोन हंगामांत बंद पडतात! गावात म्हणतात, पुढच्या पिढीने धंदा बुडवला. खरं तर तो धंदा आधीपासूनच पायावर उभा नव्हता. पुढच्या पिढीने फुकट राबायला नकार दिला, एवढंच झालं.

म्हणून मागच्या तीन वर्षांचा हिशेब असा नव्याने मांडा. सगळ्यांना बाजारभावाने पगार लावा, घरच्या बीला भाव लावा, कारखान्याखालची जागा कोणाची आहे ते बघून तिला भाडं लावा. कामगार बायकांचा भविष्यनिर्वाह निधी आणि विमा वेळेवर भरला जातो का, तेही याच वेळी तपासा. नंतर जे उरतं त्यावरच पुढचं सगळं बोलणं व्हावं. दादा आपला वाटा मागतो तेव्हा तो बारा लाखांतला की एका लाखातला, हे त्यालाही कळलं पाहिजे. आयटीतल्या माणसाला आकडे दाखवले की तो समजून घेतो, आवाज चढवला की नाही घेत. आणि पुढच्या महिन्यापासून बाबांचा आणि तुमचा पगार प्रत्यक्ष सुरू व्हावा, थोडा का असेना, पण ठरलेल्या तारखेला, बँकेत. घरच्या माणसाला दिलेला रास्त पगार आयकरात खर्च म्हणून धरता येतो. अवाच्या सवा लावला तर तेवढा भाग अधिकारी नाकारू शकतात, म्हणून बाजारभाव सोडू नका.

जमिनीचं बघूया. सातबारा आजोबांच्या नावावर राहिलाय तो आळसामुळे, यात कोणाचा कावा नसावा. कोकणात निम्म्या घरांची हीच कथा. एकेका सातबारावर तीस-चाळीस नावं, त्यांतली कित्येक माणसं जाऊन वर्षं झालेली, उरलेली गिरगाव-लालबाग-विरारला पांगलेली. तुमच्याकडे अजून तीनच शाखा आहेत, हे भाग्य समजा आणि हीच पिढी असताना निस्तरा. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर आप्पा, बाबा आणि आत्या असे तिघांचे समान भाग. तुमचा स्वतःचा हक्क मात्र एका गोष्टीवर ठरतो. जमीन आजोबांनी स्वतः खरेदी केलेली असेल तर ती या तिघांची, तुमचा आणि दादाचा तीत आज हक्क नाही. ती आजोबांकडे वाडवडिलांकडून आलेली, एकत्र कुटुंबाची असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. तेव्हा आधी जुने फेरफार, म्हणजे सातबारावरच्या बदलांच्या नोंदी, काढून जमीन आली कुठून ते पाहा, मग तलाठ्याकडे वारस नोंद करा. वारस नोंद हा महसुली दप्तराचा भाग आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. पण ती झाल्याशिवाय वाटणी, कर्ज, नुकसानभरपाई, सगळंच अडतं.

आत्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. घरात कोणीतरी म्हणेल, "तिच्याकडून हक्कसोड घेऊन टाकू, ती काय नाही म्हणणार नाही." ती कदाचित म्हणणारही नाही. कोकणात कित्येक बहिणींनी माहेरची वाट बंद होईल या भीतीने सह्या केल्यात आणि बदल्यात गणपतीला एक साडी घेतलीय. असं करू नका. तिला खरोखर सोडायचा असेल तर ती सोडेल, नोंदणीकृत दस्त करून, काय सोडतेय ते पूर्ण कळल्यावर. नसेल सोडायचा तर तिच्या भागाला दरवर्षी बागेचं उत्पन्न द्या. ज्या धंद्याचा पाया बहिणीच्या संकोचावर उभा आहे तो पुढे तिच्या मुलांच्या नोटिशीने हलतो, आणि तेव्हा चूक त्यांची नसते.

रस्त्याकडच्या तुकड्याच्या विक्रीचं म्हणाल तर वाटणी होईपर्यंत एजंटाकडून एक रुपया बयाणा घेऊ नका. दादाला हेही सांगा की वारसाने मिळालेल्या मालमत्तेतला आपला भाग एका वारसाला विकायचा असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने बाकीच्या सहवारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे, आणि शेतजमिनीलाही तो लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलंय. विक्री कधीच करू नये असं मी म्हणत नाही. कर्ज फेडून कारखाना हलका होत असेल तर एखादा तुकडा जाण्यात पाप नाही. विकून आलेल्या पैशाचं काय, ते आधी लिहून ठरलेलं असावं.

जपानात काँगो गुमी नावाची देवळं बांधणारी एक पेढी होती. तिची परंपरा इसवी सन ५७८ पासूनची सांगतात. भूकंप, युद्धं, सगळं सोसून ती चालली. शेवटी २००६ साली दुसऱ्या कंपनीने ती घेतली, कारण जमिनींच्या तेजीत कर्ज काढून घेतलेल्या जमिनींचा भार तिला पेलला नाही. देवळं बांधण्याच्या कामाने तिला बुडवलं नाही. त्याच पेढीची आणखी एक गोष्ट आप्पांना सांगा. घरात लायक मुलगा नसेल तेव्हा त्यांनी जावयाला घराण्याचं नाव देऊन गादीवर बसवलं आणि विसाव्या शतकात अडतिसावी प्रमुख म्हणून घरच्या सुनेने, विधवा असताना, ती पेढी चालवली. काम कोणाला येतं हा प्रश्न त्यांनी रक्ताच्या आणि लिंगाच्या वर ठेवला.

"लग्न होऊन जाशील" या वाक्याने तुम्हाला लागलं, ते पत्रात दिसतं. लागायलाच हवं. दादा पुण्याला गेला तेव्हा त्याला कोणी "गेलास" म्हटलं नाही. पण या वाक्यावर भांडून काही मिळणार नाही. त्यामागे आप्पांची एक खरी काळजी आहे, तिला उत्तर द्या. पुढची दहा वर्षं तुम्ही कुठे राहणार, लग्न झालं तर कारखान्याचं काय, हे स्वतःशी ठरवा आणि त्यांना स्पष्ट सांगा. लग्नानंतरही भागीदारी राहते, सही राहते, मालकी राहते. गोंधळ राहतो तो फक्त न बोललेल्या गोष्टींचा.

तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकला: "बीची खरेदी सोडून." ताई, काजूत पैसा खरेदीत मिळतो नाहीतर जातो. मूठभर बी हातात घेऊन ओल किती ते ओळखणं, नमुना कापून गर किती भरेल ते सांगणं, किलोला किती बिया बसतात ते पाहणं, कोणत्या वाडीचा माल पहिल्या पावसाआधी उचलायचा, कोणत्या शेतकऱ्याला आगाऊ पैसे दिले तर तो माल दुसऱ्याला देत नाही, हे सगळं आप्पांच्या डोक्यात आहे आणि कुठल्याही वहीत नाही. ते तुम्हाला जड वाटतात, पण त्यांच्याबरोबर जाणार असलेली सगळ्यात मोठी मालमत्ता हीच. येत्या हंगामात मार्चपासून रोज सकाळी त्यांच्याबरोबर खरेदीला बसा. वही घेऊन बसा. यातून दोन गोष्टी होतील. तुम्ही खरोखर कारखाना चालवण्यायोग्य व्हाल, आणि ज्या माणसाला आपण आता नकोसे झालो असं वाटतंय त्याला कळेल की घरात अजून त्याच्याकडून शिकायचं आहे. सही सोडण्याचं बोलणं त्यानंतर फार सोपं जातं.

तिसऱ्या पिढीत धंदा बुडतोच, असं तुम्ही ऐकलं असेल. त्यामागचा बराचसा आधार म्हणजे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या कारखान्यांचा जॉन वॉर्ड यांनी केलेला अभ्यास, १९८७ सालचा. साठ वर्षांत तिसऱ्या पिढीपर्यंत शंभरातले तेराच त्याच घराण्याकडे राहिले असं त्यात आलं. पण चांगल्या भावाने विकलेला कारखानाही त्यात न टिकलेल्यांत धरलेला होता. त्या आकड्याला घाबरू नका.

ब्रँडबद्दल थोडक्यात. काढा, पण कारखान्याच्या आत, ठरावीक मालापुरता. दर महिन्याला अमुक किलो २४० आणि ३२० नंबर (गराच्या आकाराच्या प्रती) तुम्ही बाजारभावाने कारखान्याकडून घेणार, पॅकिंग आणि विक्री तुमची, हिशेब वेगळा. ट्रेडमार्क पेढीच्या नावाने नोंदवा, स्वतःच्या नावाने नको. आजोबांचं नाव एका नातीच्या खासगी मालकीचं झालं असं दिसलं तर उरलेलं घर तुमच्यापासून तुटेल. पाकिटावर "वेंगुर्ला काजू" हे भौगोलिक मानांकन वापरायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि माल त्या भागातलाच हवा. तुमच्या कारखान्यात पावसाळ्यात आफ्रिकेची बी फोडली जात असेल (बहुतेकांकडे फोडली जाते) तर ते दोन माल गोदामापासूनच वेगळे ठेवावे लागतील. हे जमणार नसेल तर ते नाव वापरू नका.

धंद्याचं रूप बदलायचं म्हटलं होतं ते असं. आप्पा, बाबा आणि तुम्ही अशी भागीदारी करा, किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. साधी भागीदारी केलीत तर भागीदार दोनच नकोत, आणि एक भागीदार गेला तरी पेढी चालू राहील हे करारात लिहिलेलंच हवं. १९३२च्या कायद्यानुसार असं लिहिलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. एलएलपीला ही अडचण नाही, ती भागीदारांपासून वेगळी असते. बँकेची संमती आधी घ्या, सीसीचं खातं त्यांच्याकडे आहे. करारात आणखी दोन गोष्टी घाला. कोणी बाहेर पडला तर त्याच्या भागाची किंमत कशी काढायची आणि किती हप्त्यांत द्यायची. आणि पुढच्या पिढीतलं कोणी यायचं असेल तर आधी काही वर्षं बाहेर नोकरी केलेली असावी आणि रिकामी जागा असावी. दादाला उद्या परत यावंसं वाटलं तर त्यालाही हाच दरवाजा उघडा असू दे. दादाला आप्पांचा वारस म्हणून त्यांचा भाग कधीतरी मिळेल, ते ठीकच आहे. भाग असणं आणि कारखाना चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आप्पांनी त्याला आपल्या तोंडाने सांगणं चांगलं. त्यांनी मृत्युपत्रही करावं. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी.

हे सगळं बोलायला सगळे एकत्र कधी असतात? चतुर्थीला. पण गणपतीच्या पहिल्या दिवशी नको, आरत्यांच्या गर्दीत नको, आणि विसर्जनाच्या संध्याकाळी तर मुळीच नको, तेव्हा माणसं हळवी असतात आणि नंतर कबूल केलेलं विसरतात. गौरी जेवून झाल्यावरची एखादी सकाळ धरा. मुंबईकरांच्या परतीच्या गाडीला एखादा दिवस असावा. तीन वर्षांचा नवा हिशेब, सातबारा आणि फेरफार, बँकेचं पत्र, एवढं हातात असू दे. वाद सगळे एका बैठकीत मिटणार नाहीत. पगार आणि दुसरी सही एवढं जरी ठरलं तरी पुरे.

आणि येत्या फेब्रुवारीपर्यंत यातलं काहीच झालं नाही, पगारही नाही आणि सहीही नाही, तर मात्र निघा. रागाने नको. त्याच कारखान्याकडून रोख पैसे देऊन गर घ्या आणि आपलं छोटं दुकान वेगळ्या नावाने सुरू करा. बाबांना दोन भावांमध्ये उभं करू नका. स्वतःच्या कमाईतली दहा वर्षं "मगे काय ता करा" या भरवशावर घालवण्याइतकी तुमची विद्या स्वस्त नाही.

त्याआधी एक काम बाबांचं आहे, तुमचं नाही. आत्याला फोन त्यांनी करायचा. तुम्ही केलात तर तो पुतणीचा फोन होईल, आप्पांनी केला तर कारखान्याचा. धाकट्या भावाने बहिणीला सांगावं की जमिनीचे कागद नीट करतोय, तुझा भाग आहे, चतुर्थीला दोन दिवस जास्त राहा.